शनिवारची काडी

पंधरा ऑगस्टला शेरवण्याच्या शाळेत झेंडा कोण फडकवणार यावरून दरवर्षी रुसवेफुगवे होतात. भाषण कोण करणार यावरून मात्र कधीच होत नाहीत. भाषण हासाजी शेरवणेकरांचं. अठरा वर्षं तोच माणूस आणि तेच भाषण. गुरुजी बदलले, सरपंच बदलले, शाळेचे पत्रे जाऊन वर स्लॅब आला, पण भाषणातला एक शब्द इकडचा तिकडे झाला नाही. मागच्या रांगेतली कार्टी तर हासाजींच्या आधीच पुढचं वाक्य पुटपुटतात आणि गुरुजींचा धपाटा खातात.

"दोन हजार वर्षांपूर्वी आमचं गलबत नवगावच्या किनाऱ्यावर फुटलं," हासाजी सुरुवात करतात. "सात बाप्ये आणि सात बाया तेवढ्या वाचल्या. मुलांनो, जगात आम्हा यहुद्यांना कुठं जाळलं, कुठं हाकललं. ह्या देशात मात्र कुणी बोट लावलं नाही. आम्ही तेलाचे घाणे चालवायचो आणि शनिवारी बंद ठेवायचो. लोक रागावले नाहीत, शनिवार तेली म्हणाले आणि रविवारी तेल घेऊन गेले. ह्या गावानं आमच्या वाडवडिलांना आसरा दिला, आपलं नाव दिलं. शेरवण्याचे म्हणून शेरवणेकर. ह्या मातीचे उपकार माझ्या हाडांवर आहेत, आणि ही हाडं ह्याच मातीत जाणार."

इथं त्यांचा आवाज भरून येतो. तो खोटा नसतो, हे आधीच सांगितलेलं बरं. शहात्तर वर्षांचा माणूस, बायको सिपोरा सहा वर्षांपूर्वी गेलेली, लेक तामार इस्रायलात, अश्दोदला. ती दर आठवड्याला फोनवर रडते, पप्पा इकडे या म्हणून. हासाजी गेले नाहीत. गावात एके काळी यहुद्यांची अकरा घरं होती. आता एक घर आणि त्या घरात एक माणूस. बाकी सगळे मुंबईला गेले, तिथून इस्रायलला गेले, आणि उरले ते ओढ्याकाठच्या कब्रस्तानात.

या वर्षी भाषण चालू असताना शाळेच्या कुंपणाबाहेर बायजा हिलम उभी होती. शाळेच्या मागं माळ आहे, माळावर कातकऱ्यांची बावीस घरं. त्यातलं पहिलं घर तिचं. ती भाषण ऐकत होती, आणि हासाजी जेव्हा म्हणाले की ह्या गावानं आम्हाला आसरा दिला, तेव्हा ती हसली. तोंडावर पदर घेऊन हसली, पण हासाजींना दिसलं. त्यांनी चष्मा पुसला आणि पुढचं वाक्य घेतलं.

आता बायजाचं आणि हासाजींचं काय ते सांगायला हवं.

हासाजी शनिवारी विस्तवाला हात लावत नाहीत. काडी ओढत नाहीत, लेखणी धरत नाहीत, विजेचं बटणसुद्धा दाबत नाहीत. धाटावच्या कंपनीत लॅबला होते तेव्हाही एकतीस वर्षं रविवारची शिफ्ट करून त्यांनी शनिवार सोडवून घेतला. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत दोन वाती पेटवायच्या, काळ्या मनुकांचं शरबत पेल्यात ओतायचं, प्रार्थना म्हणायची, आणि मग शनिवारी आकाशात तीन तारे दिसेपर्यंत विस्तव बंद. रोह्याच्या मशिदीत, म्हणजे आपल्या प्रार्थनाघरात, जाणारे जे चारदोन यहुदी उरलेत, तेसुद्धा इतकं कडक पाळत नाहीत. एकानं तर त्यांना तोंडावर सांगितलं, "हासाजी, देव पण एवढा हिशेब ठेवत नसेल." हासाजी त्याच्याशी वर्षभर बोलले नाहीत.

पण बिनचहाचं माणूस कसं राहणार? म्हणून बायजा येते. शनिवारी सकाळी सातला मागच्या दारानं आत शिरते, गॅस पेटवते, चहा टाकते, भात लावते. तिच्या आधी तिची आई येत असे, तेव्हा चूल होती. त्याच्या आधी आईची आई. यात एक मेख आहे. 'पेटव' असं तोंडानं सांगायचं नसतं. सांगितलं की ते आपणच केल्यासारखं. समोरच्यानं आपणहून करायला हवं. त्यामुळं साठ वर्षं बायजा आपणहून करते आहे आणि हासाजी तेवढा वेळ खिडकीबाहेर बघत बसतात. तिचा पेला वेगळा, तो ओटीवरच्या कोनाड्यात. ती खाली उंबऱ्यापाशी बसून चहा पिते. कातकरी बाई, पण यहुद्यांना न चालणारा खवले नसलेला मासा तिनं त्या घरात कधी आणला नाही आणि मटण-दुधाची भांडी कधी एक केली नाहीत. सिपोरा म्हणायची, आपल्या समाजातल्या सुनांना जेवढं कळत नाही तेवढं हिला कळतं. सिपोरा गेली तेव्हा खड्डा खणायला गावातून कोणी आलं नाही. यहुद्यांचं मयत, आपल्याला रीत माहीत नाही म्हणाले. बायजाच्या लेकानं, जनूनं खणला. कातळ लागला तरी खणला, आणि हासाजींनी सांगितलं तसा, डोकं पश्चिमेला.

डिसेंबरात एका शनिवारी चहा उकळत असताना बायजा म्हणाली, "शेट, मॅडम येनार हाय."

"कोण मॅडम?"

"तालुक्याची. मंडळ अधिकारी. आमी अर्ज दिला ना, वाडीची जागा आमच्या नावावर करायचा. मॅडम म्हनते, सातबारा हासाजी शेरवणेकराचा हाय, तर त्यालाच इचारू. वाडी जुनी हाय असं मालकच बोलला तर पुढचं सोपं हाय म्हनते."

हासाजी खिडकीबाहेर बघत राहिले. चहा आता झाला होता, तरी.

माळाचा सातबारा त्यांच्या नावावर होता, हे खरं. तो कसा आला तेही त्यांना ठाऊक होतं. वडिलांनी एकदाच सांगितलं होतं, तेही शनिवारी, कारण शनिवारी खोटं बोलायचं नाही आणि ऐकायचंही नाही. प्लेगच्या साली आजोबा आपल्या आईबापांबरोबर किनाऱ्याकडून वर आले. शेरवण्याच्या लोकांनी वेशीवरच काठ्या घेऊन अडवलं. त्यांचंही चुकलं नाही, प्लेगला सगळेच भ्यायचे. मग माळावरच्या कातकऱ्यांनी यांना एक झोपडी मोकळी करून दिली, कंद दिले, उंदीर दिले. उंदीर यांनी खाल्ले नाहीत. पुढं गावानं घाण्याला जागा दिली. त्याच्याही पुढं सरकारी मोजणी आली. साहेब घोड्यावरून आला तसे कातकरी घाबरून रानात पळाले. साहेबानं विचारलं, हा माळ कोणाचा? तिथं एकटे आजोबा उभे होते. ते म्हणाले, माझा.

वडील म्हणाले होते, "आपण त्यांना कधी उठवायचं नाही. एवढं पाळ." आणि हासाजींनी पाळलं होतं. स्वतःला ते चांगला माणूस समजत ते यामुळंच. भाषणात मात्र वेस आणि काठ्या नव्हत्या, आणि माळावरची झोपडी तर नव्हतीच. तिच्या जागी 'गावानं आसरा दिला' असं वाक्य होतं. ते बोलायला बरं वाटतं आणि ऐकणाऱ्यांनाही बरं वाटतं.

"कधी येणार मॅडम?" त्यांनी विचारलं.

"सोमवारी येऊ का शनिवारी, असं इचारलं तिनं. शनिवारी सुट्टी असते, पन काम तुंबलंय म्हनते. मी बोलले, शनिवारी ये." बायजा उंबऱ्यावरून पुढं सरकली. "तू ल्हानपणी मला बोलला होता. शनिवारी मी काडी ओढत नाय, पैसं धरत नाय आन खोटं बोलत नाय. आठवतं?"

"आठवतं."

"म्हनून शनिवारी बोलावली. बाकीच्या दिवसाचं मला काय ठावं! सरपंचबाईच्या नवऱ्यासारका, सुशीलसारका मानूस दारात आला तर तूही मानूसच हायस. पन शनिवारचा भरवसा हाय."

हासाजींना हे फार भिडलं, म्हणजे आतून बरं वाटलं. इतका भरवसा त्यांच्यावर तामारनंही कधी टाकला नव्हता. ते म्हणाले, "बायजे, जे आहे ते सांगेन. प्लेगापासूनचं सगळं सांगेन. हा माझा शब्द."

"आमचा पन शब्दच हाय की," बायजा उठता उठता म्हणाली. "माझ्या आयेनं तुझ्या आयेला दिलेला. वाडी हाय तवर तुमची चूल पेटंल."

सुशील गुरुवारी आला. शेरवण्याच्या सरपंच अपेक्षाताई, आणि सरपंचकी करतो तो त्यांचा नवरा सुशील, हे सगळ्यांना माहीत. अपेक्षाताई पण आल्या होत्या, डब्यात तिळाच्या वड्या घेऊन. त्या ओटीवर बसून राहिल्या आणि नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याला मान हलवत राहिल्या.

"काका," सुशील म्हणाला, "तुमचं भाषण ऐकून मी मोठा झालो. तुम्ही ह्या गावाची शान आहात."

हासाजींनी ओळखलं की आता काहीतरी येणार.

"माळावर गोदाम होतंय. कोलाडवरून हायवे जवळ, गाड्या सरळ आत येतील. गावातली चाळीस पोरं कामाला लागतील. तुमची जमीन आहे, तुम्हाला रास्त भाव मिळेल, ते सोडा. पैशाचं तुम्हाला काही नाही, मला माहीत आहे. फक्त शनिवारी मॅडमसमोर एवढंच सांगायचं की ही लोकं नंतर आली."

"नंतर नाय आली ती."

"काका, कागद आहे का त्यांच्याकडे?"

"कागद नाही. पण माणसं आहेत ना समोर."

"बरोबर." सुशीलनं वडी तोडली. "आता तुमच्या कब्रस्तानाचं बघा. सातबाऱ्यावर काय आहे माहीत आहे? गुरचरण. कब्रस्तान असा शब्दच नाही. कागद नाही, नुसती माणसं आहेत. तीही खाली. उद्या कोणी अर्ज टाकला की हे अतिक्रमण आहे, तर मी कुठल्या तोंडानं आडवा येऊ? गावच्या विरोधात गेलेल्या माणसासाठी?"

हासाजींनी ओढ्याच्या दिशेला पाहिलं.

"आणि गावाबरोबर राहिलात," सुशील प्रेमानं म्हणाला, खरंच प्रेमानं, त्याला हासाजी आवडत होते, "तर ग्रामसभेत ठराव घेतो. कब्रस्तान म्हणून नोंद. चिरेबंदी भिंत, लोखंडी गेट, वर तुमच्या लोकांची ती चांदणी. सिपोराकाकूंच्या शेजारची जागा तुमच्या नावानं राखून ठेवतो. काका, तुम्हीच म्हणता ना, ह्या गावाचे उपकार आहेत? मग गाव एकदा काहीतरी मागतंय."

अपेक्षाताईंनी मान हलवली.

ते गेल्यावर हासाजी ओढ्याकाठी गेले. काटेरी करवंदीतून वाट काढत सिपोरापाशी पोचले. शेजारी जागा होती, एक माणूस मावेल एवढी. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि चक्क आडवे होऊन बघितलं. पाय दगडाला लागले, पण थोडे दुमडले की झालं असतं. तिथं पडल्या पडल्या त्यांना वाटलं, उद्या जेसीबी इथून गेला तर? सिपोराची हाडं उचलून कुठल्या ओढ्यात? मग त्यांनी स्वतःला समजावायला सुरुवात केली, आणि त्या बाबतीत ते हुशार होते. कातकरी काय, आज इथं, उद्या वीटभट्टीवर, फिरती जात. त्यांना जागेचं काय एवढं? सरकार त्यांना कुठंतरी देईलच. आपण दोन हजार वर्षं ह्या देशात पाहुणे. पाहुण्यानं यजमानाच्या भांडणात पडू नये. यजमान कोण, हे मात्र त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

आणि शेवटी त्यांना तोडगा सुचला. शनिवार! शनिवारी सही करता येत नाही. मॅडमला सांगायचं, आमचा शब्बाथ आहे, लिहिणं चालत नाही. बाई कंटाळून परत जाईल, तारीख पुढं ढकलेल, पुढचं पुढं. खोटंही नाही आणि खरंही नाही. त्या रात्री त्यांना छान झोप लागली.

शनिवारी मॅडम आल्या. निशिगंधा नाव, तिशीची बाई, उन्हानं रापलेली, हातात फाइल. माळावर सगळी वाडी जमली होती. गावातूनही वीसेक माणसं होती, सुशील पुढं. हासाजी पांढरा सदरा घालून, टोपी घालून चालत आले. वाडीच्या तोंडाशी वाघदेवाचा शेंदूर फासलेला दगड आहे, त्याला वळसा घालून ते उभे राहिले.

"आजोबा, तुमचा जबाब घ्यायचाय," मॅडम म्हणाल्या. "मी लिहिते, तुम्ही खाली सही करा."

"मॅडम, माफ करा," हासाजी म्हणाले. "आज आमचा शब्बाथ. लेखणी धरणं आम्हाला चालत नाही. पुन्हा कधीतरी..."

मॅडमनी फाइल मिटली. पुढचे दोन महिने त्यांना वेळ नव्हता, तसं त्या म्हणाल्याही. हासाजींनी श्वास सोडला. तेवढ्यात बायजा पुढं आली.

"सही नको गो बाय! नुस्तं तोंडानं बोलंल तो. बोलायला चालतं त्याला. व्हय ना रं शेट?"

हासाजींना 'व्हय' म्हणावं लागलं.

"सही नाही, तर त्याला अर्थ काय राहील?" मॅडम म्हणाल्या.

"मी अंगठा देते ना." बायजाचं तोंड आनंदानं फुललं होतं. "गो बाय, तू नवी हायस, तुला म्हाईत नाय. हा मानूस शनिवारी खोटं बोलत नाय. म्हनून तर तुला मी आज बोलावली. आज हा जे बोलंल ते आमचंच बोलनं समज. लिही तसं. घे माझा अंगठा."

"आजी, आधी त्यांना बोलू तर द्या."

"कशाला? साठ वरसं त्याची चूल मी पेटवते. त्याचा शनिवार मला इचार. घे गो."

मॅडमनी हासाजींकडं पाहिलं. त्यांनी मान खाली घातली. मग मॅडमनी लिहिलं, जमीनमालक सांगतील ते अर्जदारांस मान्य आहे, आणि वाचून दाखवलं. बायजानं शाईत अंगठा बुडवून दाबून उठवला. तिच्या मागून वाडीतल्या आणखी सात जणींनी उठवले. जनूनं पण उठवला. सुशील लांबून बघत होता, आणि त्याला हसू आवरत नव्हतं.

"बोला आजोबा," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या आजोबांच्या आधी ह्या माळावर कोण होतं?"

हासाजींनी पाहिलं. बायजा समोर उभी होती, अंगठा काळा. तिच्या मागं शाळेचा स्लॅब, आणि त्याच्याही पलीकडं ओढ्याकाठची करवंदीची जाळी.

"कोणी नव्हतं," ते म्हणाले. "रान होतं."

"आणि ही माणसं?"

"भट्टीवरनं आली. पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. मीच म्हटलं, राहा. माणुसकी म्हणून."

"हा देवाचा दगड? जुना वाटतो."

"अलीकडचाच. आम्ही दगडाला मानत नाही, त्यामुळं माझं लक्ष नसतं."

एकदा सुटल्यावर ते सोपं होतं, याचं त्यांनाच नवल वाटलं. मॅडम लिहीत होत्या. वाडीतल्यांना बहुतेक अजून कळलंच नव्हतं. पहिल्यांदा जनूला कळलं. "अरं ए म्हाताऱ्या!" तो ओरडला, "तुझ्या बायकोचा खड्डा कोनी खनला? भट्टीवरनं येऊन खनला का मी?" तो धावला तसं गावच्या चारपाच जणांनी त्याला धरलं. त्यांना हात धुऊन घ्यायचेच होते, त्यांनी घेतले. बायजानं जनूकडं पाहिलंही नाही. ती हासाजींच्या जवळ आली.

"शेट, आज शनिवारच हाय ना?" तिनं विचारलं. खरंच विचारलं, आपलाच वार चुकला असेल अशा आवाजात.

"व्हय," हासाजी म्हणाले.

पुढचं सगळं झटपट झालं. वाडीचा अर्ज निकालात निघाला, माळ गोदामाकडं गेला. सुशील शब्दाचा पक्का निघाला, हे मान्य करायला हवं. ग्रामसभेत ठराव झाला. महिन्याभरात कब्रस्तानाला चिऱ्याची भिंत आली, गेट आलं, गेटवर चांदणी आली. पेणवरून रंगारी आणला, त्यानं चांदणी सोनेरी रंगवली. हासाजींनी तामारला व्हिडिओ कॉल करून भिंत दाखवली. तामार रडली. म्हणाली, पप्पा, आपल्या लोकांसाठी जगात कुठं कोण एवढं करतं? हासाजी म्हणाले, म्हणून तर मी इथून हललो नाही.

आणि बायजा? बायजा दर शनिवारी येत होती. सातला मागच्या दारानं आत, गॅस, चहा, भात. बोलत नव्हती एवढंच. उंबऱ्यावर बसतही नव्हती. पहिल्या शनिवारी हासाजींना धडकी भरली होती, दुसऱ्या शनिवारी ती कमी झाली, तिसऱ्या शनिवारी त्यांनी मनाशी ठरवलं की बिचारी विसरली. गरीब माणसं मनात धरत नाहीत, त्यांना धरून परवडत नाही. असं ठरवल्यावर त्यांना चहा पुन्हा गोड लागायला लागला.

जानेवारीत एका बुधवारी जेसीबी माळावर चढला. बावीस घरं पाडायला दुपारही पुरी लागली नाही. कुडाच्या भिंती, त्यांना कितीसा वेळ लागणार! वाघदेवाचा दगड जेसीबीवाल्यानं आधी बाजूला ठेवला, पाया पडला आणि मग ट्रॉलीत टाकला. जनू बायकोमुलं घेऊन पेणकडं गेला, हमरापूरच्या एका गणपतीच्या कारखान्यात मातीची पोती उचलायला. बाकीचे भट्ट्यांवर पांगले. आता ते खरोखरच भट्टीवरचे झाले. बायजा तेवढी रस्त्याकडेला ताडपत्रीखाली राहिली.

शनिवारी ती सातला आली.

तिनं गॅस पेटवला, चहा टाकला. हासाजी खिडकीबाहेर बघत होते, पण खिडकीतून आता माळ दिसत होता, सपाट, लाल. म्हणून त्यांनी तोंड फिरवलं आणि बोलायला लागले. गप्प राहिले असते तर बरं झालं असतं.

"वाईट वाटून घेऊ नकोस बायजे. सरकार कुठंतरी जागा देईल. हा देश मोठ्या मनाचा आहे. आम्ही आलो तेव्हा आमच्याकडं तरी काय होतं? अंगावरचे ओले कपडे. पण धीर धरला, उपकार मानले, चांगलं वागलो. आज बघ."

बायजानं चहा गाळला. कप त्यांच्यासमोर ठेवला. गॅस बंद केला आणि काड्यापेटी त्यांच्या कपाशेजारी ठेवली.

"मी येत व्हते ते तुझ्यासाठी नाय," ती म्हणाली. "आयेचा शब्द होता. वाडी हाय तवर. बुधवारी वाडी गेली. बुधवारनंतरचा हा एक शनिवार तुला फुकट दिला, माझी आये वर बसून बोलंल म्हनून."

"म्हणजे?"

"म्हंजे आता येनार नाय."

हासाजींनी कप खाली ठेवला. चहाची चिंता नव्हती त्यांना, दुसरंच काहीतरी एकदम समोर आलं होतं. "बायजे, आणि माझं... मी गेल्यावर... जनू येईल ना? खड्ड्याला? कातळ आहे तिथं. दुसऱ्या कोणाला रीत माहीत नाही गो."

"जेसीबी हाय की," बायजा म्हणाली. "लय पटकन खनतो. मी बघितला ना बुधवारी. सुशीलला सांगून ठेव."

ती दाराशी गेली आणि वळली.

"पुढल्या शनिवारी तूच पेटव शेट. चालतं तुला आता. काडी ओढनं त्याच्यापेक्षा ल्हानच हाय."

कोनाड्यातला आपला पेला तिनं नेला नाही. तो तिचा नव्हताच.

पुढचा शनिवार उजाडला. हासाजी सात वाजता खिडकीशी बसले. आठ वाजले. नऊ वाजले. दहाला शाळेचे गुरुजी ओटीवरून डोकावले. "काका, सव्वीस जानेवारीचं लक्षात आहे ना? यंदा भाषण तुमचंच. तेच करा, पोरांना आवडतं." हासाजींनी मान हलवली. गुरुजींना सांगता आलं असतं, जरा गॅस पेटवा म्हणून. पण सांगायचं नसतं, आणि आपणहून करायचं गुरुजींना काय ठाऊक! ते घाईत होते, गेले.

साडेदहाला रक्तदाबाची गोळी घ्यायची होती, ती रिकाम्या पोटी चालत नाही. हासाजी उठले. काड्यापेटी आठ दिवस जिथं होती तिथंच होती. त्यांनी ती उचलली, काडी काढली आणि बराच वेळ नुसतीच धरली. तोंडातून शेमा प्रार्थनेचे पहिले शब्द निघाले, ते तिथंच थांबले. मग त्यांनी काडी ओढली.

पहिल्याच घासण्यात पेटली. शहात्तर वर्षांत शनिवारी ओढलेली पहिली काडी. हासाजी डोळे मिटून उभे राहिले. आता काहीतरी होईल, छातीत कळ येईल, भांडं पडेल, निदान हात तरी भाजेल. काहीही झालं नाही. बाहेर माळावर डंपर मागं येत होता, त्याचा पी पी आवाज येत होता. गॅस नेहमीसारखा जळत होता.

चहा झाला. त्यांनी तो उभ्यानंच प्यायला. चांगला झाला होता.